पहिला प्रेस कोणता आणि तो कोठे बसवायचा: बेळगावच्या एका कुटुंबाचे प्रकरण

माझ्या थोरल्या बहिणीचे घर बेळगावात अनगोळला आहे. दाजींचे उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉप असून, शेजारच्या फाउंड्रीतून बिडाची ओतकामे आणायची, लेथवर आणि मिलिंगवर ती पुरी करायची आणि हायड्रॉलिकच्या कारखानदारांना पुरवायची, यात त्यांची उभी हयात गेली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीनिमित्त अमेरिकेतील टेक्सास राज्यात राहतो. तेथे त्याला नेमबाजीची गोडी लागली आणि आज त्याच्याकडे .३०८ विंचेस्टर जातीच्या काडतुसाची एक बोल्ट-ॲक्शन रायफल व ९ मिलिमीटरचे एक पिस्तूल, अशी तेथील कायद्याप्रमाणे घेतलेली दोन हत्यारे आहेत. कारखान्यात भरलेल्या काडतुसांनी रायफलीचे ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते, एका मर्यादेच्या आत येईना, तेव्हा मैदानावरच्या अनुभवी मंडळींनी त्याला काडतुसे घरी भरण्याचा मार्ग सुचवला. मी लष्कराच्या ईएमई दलात, म्हणजे यंत्रे व हत्यारे दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (हत्यारे तपासणारा व दुरुस्त करणारा) होतो, म्हणून त्याने काडतुसे भरण्याचे दाबयंत्र, म्हणजे पहिला प्रेस, कोणता घ्यावा हे मला विचारले.

त्याच आठवड्यात दाजींनीही एक प्रस्ताव मांडला. मुलाने पाठवलेली छायाचित्रे पाहून त्यांचे मत झाले की हे यंत्र म्हणजे एक बिडाची चौकट, एक रॅम (वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि एक दांडा. उद्यमबागेत ते सहज बनेल. एक नग मुलाला पाठवावा आणि एक येथे ठेवावा, म्हणजे खानापूरच्या आमच्या पाहुण्यांना त्यांच्या परवान्याच्या बारा बोअर बंदुकीसाठी काडतुसे भरता येतील, असा त्यांचा विचार होता. दोन्ही प्रश्न एकाच यंत्राबद्दलचे असले तरी त्यांची उत्तरे अगदी वेगळी निघाली. दोन्ही उत्तरांमागची कारणे लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण परदेशात मुले असलेल्या आणि घरात परवान्याची बंदूक असलेल्या आपल्या भागातील दुसऱ्या एखाद्या घरातही हाच विचार निघू शकतो.

दाजींचा प्रस्ताव

हे उत्तर आधी देतो, कारण त्यात पर्याय तोलण्यासारखे काही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात तयार काडतुसांबरोबर काडतुसांचे सुटे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे ज्याला दाजी चौकट, रॅम आणि दांडा म्हणत होते, ते काडतुसे भरण्यासाठी बनवले की कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा ठरते. कलम ३ नुसार असा दारूगोळा परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही, कलम ५ नुसार तो परवान्याशिवाय बनवता किंवा विकता येत नाही, आणि कलम १० नुसार तो परवान्याशिवाय देशात आणता किंवा देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्यमबागेत नग बनवणे, एक कुरिअरने टेक्सासला पाठवणे आणि एक घरी ठेवणे, या प्रस्तावातली प्रत्येक पायरी यांपैकी कोणत्या ना कोणत्या कलमाखाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली आहे. भाच्याने सुट्टीत येताना सामानातून प्रेस आणावा, हा पर्यायही त्याच दहाव्या कलमाशी येऊन थांबतो.

यावर घरात दोन शंका निघाल्या आणि त्या दोन्ही रास्त होत्या. पहिली अशी की पाहुण्यांकडे परवाना आहेच, मग अडचण कसली? पण त्यांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि त्यावर नमूद केलेल्या संख्येइतकी काडतुसे विकत घेऊन ठेवण्याचा आहे. काडतुसे बनवण्याचा परवाना ही स्वतंत्र बाब असून बाळगण्याच्या परवान्यात ती येत नाही. खानापूर आणि जांबोटीच्या जंगलपट्टीत पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या आहेत आणि कायद्यातही पीक-संरक्षणाच्या संदर्भात त्यांचा उल्लेख आहे. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला नळीत दारू भरणे हा त्या हत्याराच्या वापराचाच भाग आहे; त्यावरून काडतूस भरण्याची मुभा आहे असे अनुमान काढता येत नाही. दुसरी शंका कोडगूची होती. कोडवा समाजाला आणि तेथील जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, हे कर्नाटकात सर्वांना ठाऊक आहे. ती सूट त्या समाजापुरती आणि त्या जमीनधारकांपुरती, तीही हत्यार बाळगण्यापुरती आहे. तिचा बेळगाव जिल्ह्याशी संबंध नाही आणि काडतूस बनवण्याशी तर मुळीच नाही.

दारूचा विषय याहून वेगळा. बंदुकीची दारू विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालील २००८ च्या नियमांच्या कक्षेत येते, आणि त्याचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे आहे. यंत्राचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी दारू आणि प्रायमर (ठोका बसताच पेटून दारूला आग देणारी टोपी) घरात आणायचे कसे, हा प्रश्न उभा राहतोच.

दाजींच्या कारागिरीबद्दल मला पूर्ण आदर आहे, म्हणून तांत्रिक बाजूही मी त्यांच्यापुढे ठेवली. रायफलच्या पितळी पुंगळीचा प्रेस आणि बारा बोअरच्या प्लॅस्टिक किंवा कागदी नळकांडीचा प्रेस ही दोन वेगळी यंत्रे आहेत. पहिल्यात पितळ दाबून मापात आणायचे असते, तर दुसऱ्यात दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) आणि छर्रे भरून नळकांडीचे तोंड दुमडायचे असते. मुलाच्या छायाचित्रातल्या यंत्राने पाहुण्यांचे काडतूस भरलेच गेले नसते. दाजींनी कागदावर काढलेला आराखडा तेथेच थांबवला. पाहुणे पूर्वीप्रमाणे परवानाधारक दुकानातून काडतुसे घेत आहेत.

भाच्याचा प्रश्न

अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणाऱ्याला तेथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तरच दारूगोळा-निर्मात्याचा परवाना घ्यावा लागतो. तेव्हा भाच्याच्या बाबतीत प्रश्न निवडीचाच होता, आणि ती निवड कशाच्या आधारावर करायची हे ठरवण्यात आमचा बराच वेळ गेला.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की यातली पुंगळी तेवढी शिल्लक राहते, आणि ती धड असेल तर पुन्हा भरता येते. त्यासाठी जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापात आणायची, तोंडाची लांबी वाढली असेल तर ती कापायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि गोळी ठरलेल्या खोलीवर बसवायची. प्रेस म्हणजे यातली जोराची कामे करणारा दांड्यावरचा रॅम. रॅमच्या डोक्यावर पुंगळीचे बूड अडकते आणि वरच्या आट्यात डाय बसतो. हे आटे सात-अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला चौदा, या मापाचे असतात, आणि बहुतेक सगळ्या कंपन्या हेच माप पाळतात. त्यामुळे एका कंपनीचा डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवर चालतो. डिलन कंपनीच्या स्क्वेअर डील प्रेससारखे काही अपवाद आहेत. त्याला स्वतःचेच डाय लागतात आणि तो पिस्तुलाच्या काडतुसांपुरताच आहे. भाच्याच्या यादीत तो प्रेस होता आणि केवळ या एका कारणाने तो यादीतून गेला.

उरलेल्यांत तीन जाती होत्या. एकटप्पी प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय असतो, त्यामुळे पन्नास पुंगळ्यांवर एक काम पुरे करायचे, डाय बदलायचा आणि त्याच पन्नासांवर पुढचे काम करायचे. टरेट प्रेसमध्ये फिरत्या डोक्यावर सगळे डाय बसवलेले असतात. पुंगळी जागेवर राहते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला डोके फिरून पुढचा डाय तिच्यावर येतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये चार-पाच पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दांडा ओढला की प्रत्येक वेळी एक पुरे काडतूस बाहेर पडते. वेगाचा हिशेब साधारण असा: एकटप्पीवर ताशी पन्नासच्या आसपास, टरेटवर शंभर ते दोनशे, आणि प्रोग्रेसिव्हवर चारशेच्याही पुढे. मैदानावरचे त्याचे स्नेही त्याला सरळ प्रोग्रेसिव्ह घ्यायला सांगत होते. पुढे घ्यायचाच आहे तर आधी स्वस्तातला कशाला, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि महिन्याला हजारभर पिस्तुलाची काडतुसे उडवणाऱ्याच्या बाबतीत मला तो पटतोही.

मी त्याला वेगळा प्रश्न विचारायला लावला: या यंत्रावर माझ्याकडून चूक झाली, तर ती मला कोणत्या टप्प्यावर आणि कशी दिसेल? काडतूस कारखान्यात भरले जाते तेव्हा त्याची जबाबदारी कारखान्याची असते. घरी भरलेल्या काडतुसाची सारी जबाबदारी भरणाऱ्यावर येते आणि त्याचा चेहरा बोल्टपासून, म्हणजे काडतुसामागची जागा बंद करणाऱ्या दांड्यापासून, वीतभर अंतरावर असतो. .३०८ ची कमाल सरासरी दाबमर्यादा अमेरिकेतील शस्त्र-दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या सामीने, चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवली आहे. ९ मिलिमीटरसाठी ती ३५,००० आहे. एवढ्या दाबाशी गाठ असताना ताशी किती, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो.

दारूचे उदाहरण घेऊ. ती ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. .३०८ च्या पुंगळीत नेहमीची रायफलची दारू साधारण चाळीस ग्रेन घातली की पुंगळी जवळजवळ भरते. चुकून दुसऱ्यांदा घातली तर ती तोंडातून उतू जाऊन बेंचवर सांडते, म्हणजे तेथे चूक स्वतःच दिसते. ९ मिलिमीटरचे तसे नाही. तिथे भरभर जळणारी चार-पाच ग्रेन दारू पुरते, आणि तेवढीच पुन्हा पडली तरी ती पुंगळीत बिनबोभाट मावते. वर गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही आणि ते काडतूस पिस्तूल फोडू शकते. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते, आणि ते न कळता पुढचा बार ओढला तर नळी फुगते किंवा फाटते. अशी फुगलेली नळी मी दुरुस्तीच्या बाकावर पाहिली आहे. बाहेरून बोट फिरवले की एका जागी अंगठीसारखा उंचवटा लागतो. आतून उजेडाकडे धरून पाहिले की तेथे काळे वर्तुळ दिसते, आणि ती नळी कायमची बाद करावी लागते.

म्हणून नवशिक्याने पहिल्याच महिन्यात ९ मिलिमीटर भरायला घेऊ नये, असे माझे ठाम मत होते, आणि ते मान्य झाल्यावर निवडीचे अर्धे काम झाले. पिस्तुलाची काडतुसे तो विकतच घेणार होता, आणि रायफलची त्याला महिन्याला साठ-सत्तरच लागत होती. एवढ्यासाठी प्रोग्रेसिव्हचा वेग बिनकामाचा होता.

पुंगळीचा खांदा

खरी तुलना मग एकटप्पी आणि टरेट यांच्यात झाली, आणि टरेटच्या बाजूनेही चांगले मुद्दे होते. ली कंपनीच्या क्लासिक टरेटमधला डोके फिरवणारा गज काढून ठेवता येतो. गज काढला की तो हाताने फिरवायचा प्रेस होतो आणि त्यावर एकटप्पीसारखे काम करता येते. किंमतही बेताची. पुढे पिस्तुलाची काडतुसे भरायची झाली तर गज परत घालायचा. भाच्याला हा पर्याय मनापासून आवडला होता.

माझा कौल एकटप्पीकडे गेला त्याचे कारण रायफलच्या पुंगळीच्या खांद्यात आहे. .३०८ ची पुंगळी बाटलीच्या आकाराची असते; तिचे अंग निमुळते होऊन मानेला मिळते तो तिचा खांदा, आणि ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, खांद्यावर टेकते. बोल्टच्या तोंडापासून त्या खांद्याच्या टेकणीपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. आर्मररच्या कामात गो आणि नो-गो गेज (किमान आणि कमाल मर्यादेची मापे) लावून हत्यारातले हेच अंतर तपासले जाते. घरी काडतूस भरणारा मात्र हे अंतर हत्याराऐवजी पुंगळीकडून बदलत असतो. डायने खांदा फार मागे ढकलला की बार उडताना पुंगळी पुढे जाऊन ताणली जाते, आणि बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होत जाते. असे चार-पाच वेळा झाले की पुंगळी त्या जागी तुटते आणि दाबाखालचा वायू बोल्टकडे फुटतो. बोल्ट-ॲक्शनसाठी खांदा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाएवढाच, म्हणजे २५ ते ५० मायक्रॉन, मागे न्यायचा असतो, आणि प्रत्येक पुंगळीवर तेवढाच. हे अंतर किती सारखे राहील हे डायच्या जुळणीवर, वंगणावर, पितळाच्या कडकपणावर आणि जोर लागल्यावर प्रेसची चौकट किती वाकते यावर ठरते. चौकट सर्व बाजूंनी बंद असलेला बिडाचा प्रेस, ज्याला इंग्रजी ओ अक्षराच्या आकारामुळे ओ-फ्रेम म्हणतात, सर्वांत कमी वाकतो. एका बाजूने उघडी असलेली सी-फ्रेम जोराखाली थोडी उघडते. टरेटच्या फिरत्या डोक्याला फिरण्यापुरती सैल जागा ठेवावीच लागते, आणि दांडा दाबला की ते डोके तेवढे वर उचलले जाते. दर वेळी ते सारखेच उचलले गेले तर फारसे बिघडत नाही, पण ते सारखेच उचलले जाईल याची खात्री नवशिक्याला करता येत नाही.

हा भाग दाजींना मी काही सांगण्याआधीच कळला होता. लेथचे बेड, हायड्रॉलिकचे ब्लॉक आणि जोर सोसणारी प्रत्येक चौकट बिडाची का करतात, हे उद्यमबागेत कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलाला तीन प्रेसच्या चौकटींची जाडी व्हर्नियरने मोजायला लावली, आणि रॅम पूर्ण वर असताना तो बोटाने बाजूला हलतो का हे पाहायला सांगितले. दुकानातल्या नमुन्यांवर त्याने हे करून पाहिले. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो, कारण माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टी नसतात.

शेवटी आरसीबीएसचा रॉक चकर सुप्रीम आणि ली क्लासिक टरेट हे दोन उरले होते आणि भाच्याने रॉक चकर घेतला. ओ-फ्रेम, बिडाची चौकट आणि जोडलिव्हरचा दांडा असल्यामुळे लांब पुंगळीही बेताच्या जोरात मापात येते. तोट्याची बाजूही सांगितली पाहिजे: जुने प्रायमर खाली एका लहान तबकात पडतात आणि त्यातले काही जमिनीवर उडतात. लीच्या काही प्रेसमध्ये ते रॅममधूनच नळीने खाली जातात, आणि ही व्यवस्था निःसंशय अधिक चांगली आहे. जळालेल्या प्रायमरच्या राखेत शिसे असते. ज्या घरात लहान मूल रांगते त्या घरात हा मुद्दा क्षुल्लक नाही, आणि भाच्याची मुलगी तेव्हा रांगत होती. त्यामुळे प्रेस गॅरेजमध्ये बसवायचा, त्या जागेचा झाडू वेगळा ठेवायचा, पुंगळ्या कोरड्या न घासता पाण्यात धुवायच्या आणि काम झाल्यावर हात धुऊन कपडे बदलूनच घरात यायचे, असे ठरले. आक्काने सुनेशी बोलून ही शिस्त पक्की करून घेतली, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा एक महत्त्वाचा निर्णय होता.

प्रेसबरोबरच्या वस्तूंवर प्रेसइतकाच खर्च येतो. त्यात डाय, काटा आणि त्याचे तपासणी-वजन, व्हर्नियर, पुंगळी कापायचे यंत्र, खांद्याचे अंतर मोजायचे गेज आणि दारू व गोळी बनवणाऱ्या कंपनीने छापलेली मापांची चालू पुस्तिका हे सगळे आले. बजेट कमी पडत असेल तर प्रेस हलका घ्यावा, पण काट्यात आणि पुस्तिकेत काटकसर करू नये. दुसऱ्याने सांगितलेले दारूचे माप पुस्तिकेत पडताळल्याशिवाय कधीही घेऊ नये, मग तो सांगणारा कितीही जाणता असो. लष्करी ७.६२ च्या पुंगळ्या स्वस्तात मिळतात म्हणून भाच्याला त्या घ्यायच्या होत्या. त्यांचे पितळ साधारणपणे जाड असल्याने आतली जागा कमी असते आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त येतो. शिवाय प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेले असते आणि ते आधी काढून टाकावे लागते. पहिल्या वर्षी एकाच कंपनीच्या, स्वतःच्या रायफलीत उडालेल्या पुंगळ्याच वापरायच्या, असे मी सांगितले आणि त्याने ते पाळले.

दारू कोठे ठेवायची हा प्रश्न टेक्सासच्या उन्हाळ्यामुळे आला. गॅरेज तापते आणि उष्णतेने दारू कालांतराने कुजते. तिला आंबूस वास येतो आणि तांबूस भुकटी सुटते. म्हणून ती घरातल्या थंड, कोरड्या कपाटात, कुलपात आणि मूळ डब्यातच ठेवायची. जाड लोखंडी हवाबंद पेटीत ती मुळीच ठेवू नये, कारण आग लागली तर पातळ डबा फाटून दारू नुसती जळते, पण जाड पेटीत दाब कोंडून स्फोट होतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या प्रचलित नियमांत घरात मूळ डब्यांत वीस पौंडांपर्यंत दारू ठेवण्याची मुभा आहे. भाच्याला एका वेळी दोन पौंडांपेक्षा जास्त लागत नाही. घर भाड्याचे असल्याने त्याने मालकाची लेखी संमतीही घेतली.

प्रत्यक्षात काय झाले

प्रेस गॅरेजमधल्या जाड लाकडी बाकाला आरपार बोल्टने बसवला. बाक भिंतीला न जोडल्यामुळे पहिल्या दिवशी दांडा ओढताना सगळा बाकच पुढे आला. मग मागे दोन पट्ट्या लावून तो जखडला. वंगण कमी पडल्याने एक पुंगळी डायमध्ये अडकली आणि तिला भोक पाडून, आटे कापून ओढून काढावी लागली. या दोन्ही गोष्टी नव्या माणसाच्या बाबतीत होतातच, आणि दुसरीमुळे वंगण किती लावायचे हे हाताला कायमचे कळते.

निवड योग्य होती की नाही हे पुढच्या एका प्रसंगाने दाखवले. भाचा लांब काड्यांसारखे दाणे असलेली दारू वापरत होता आणि ती वजनाऐवजी फिरत्या मापाने, म्हणजे दांडा फिरवला की ठरलेल्या आकारमानाची दारू टाकणाऱ्या साधनाने, टाकत होता. अशा दारूचे दाणे मापाच्या नळीत कधीकधी एकमेकांत अडकून पूल करतात. मग एका पुंगळीत कमी दारू पडते आणि अडकलेली दारू पुढच्या पुंगळीत पडते. त्या दिवशी पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या होत्या आणि गोळ्या बसवण्याआधी तो ठरल्याप्रमाणे विजेरी तिरपी धरून ओळीओळीने आत पाहत होता. तिसऱ्या ओळीतल्या एका पुंगळीत दारूची पातळी खांद्याच्या बरीच खाली होती आणि तिच्या शेजारच्या पुंगळीत ती मानेत वर चढली होती. काट्यावर घेतल्यावर पहिलीत ठरल्यापेक्षा जवळजवळ चार ग्रेन कमी आणि दुसरीत तितकीच जास्त भरली. त्याने सगळ्या पन्नास रिकाम्या केल्या आणि प्रत्येक भार वेगळा तोलून पुन्हा भरल्या. आता तो माप ठरल्यापेक्षा थोडे कमी टाकतो आणि उरलेले दाणे काट्यावर चिमटीने पुरे करतो.

आपोआप फिरणाऱ्या टरेटवर त्या दोन पुंगळ्यांवर पुढच्याच ओढीला गोळी बसली असती आणि पातळी कोणीच पाहिली नसती. तेथेही प्रत्येक पुंगळीत डोकावता येते आणि सरावलेली माणसे तसे करतातही. पण पन्नास पुंगळ्या शेजारीशेजारी उभ्या असताना एकीची पातळी दुसरीशी ताडता येते, ती सोय एकएकट्या पुंगळीत डोकावून मिळत नाही. मला एकटप्पी प्रेसचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. खांद्याच्या बाबतीतही निकाल समाधानकारक आहे. पहिल्या वर्षाच्या पुंगळ्यांमध्ये वाकवलेल्या तारेचे टोक घालून तो आतली भिंत चाचपतो. बुडाच्या वर तार अडखळली तर तेथे पितळ पातळ झाले आहे असे समजून ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकायची. अजून एकीतही तार अडखळलेली नाही. ग्रुपिंग सुधारले आहे, आणि त्यात भाच्याच्या सरावाचाही वाटा मोठा आहे.

९ मिलिमीटरचा प्रश्न आता पुन्हा निघाला आहे, कारण विकतच्या काडतुसांचा खर्च वाढतो आहे. यावेळी माझा सल्ला वेगळा आहे. वर्षभर हाताने प्रत्येक टप्पा केल्यामुळे कोणत्या टप्प्यावर काय बिघडते हे त्याला कळते, तेव्हा टरेट घ्यायला आता हरकत नाही. गज पहिल्या काही डझन काडतुसांपर्यंत काढून ठेवावा. पुंगळी अर्ध्याहून अधिक भरेल अशी फुगीर दारू निवडावी, म्हणजे दोनदा पडली तर ती उतू जाईल. आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पडेल असा दिवा प्रेसच्या चौकटीवरच बसवावा. रॉक चकर विकू नये. रायफलचे काम त्यावरच चालू ठेवावे. भाचा सध्या टरेट आणि पाच टप्प्यांच्या प्रोग्रेसिव्हमध्ये अडकला आहे. प्रोग्रेसिव्हच घ्यायचा झाला तर दारूची पातळी तपासणारा डाय बसवायला एक टप्पा मोकळा राहील असाच घ्यावा, एवढी अट मी घातली आहे.